घट्ट, सुखरूप की बिनघोर?

अगं, एका शब्दाला किती घाबरलीस! नांदूरघाटात सुनेनं दुपारची शिकवणी काढायची, घरातलं सगळं उरकून सातवी-आठवीची पोरं ओसरीत बसवायची, हेच आधी सोपं नाही. आणि तू मला काय लिहितेस, तर "ताई, मला इंग्रजी येत नाही हे आज कळलं." कशावरून कळलं, तर एका पोरानं विचारलं, "मॅडम, 'क्लोज द लिड सिक्युअरली' म्हणजे झाकण सुरक्षितपणे लावा? म्हणजे कसं लावायचं?" मोबाइलवर बघितलंस तर तिथंही सुरक्षितपणेच, गाइडमध्येही तेच. मग तू पोरांना म्हणालीस, उद्या सांगते, आणि रात्री डोळ्याला डोळा नाही.

खरं सांगू का, तुझं काहीच चुकलेलं नाही. पोरानं तर फार चांगला प्रश्न विचारला. झाकण आजवर कुणी सुरक्षितपणे लावलंय का गं? आपण झाकण घट्ट लावतो, गाठ आवळून मारतो, खुंटी पक्की रोवतो, कडी नीट सरकवतो, कागदपत्रं कडीकुलपात ठेवतो. इंग्रजीला या सगळ्या ठिकाणी 'सिक्युअरली' हा एकच शब्द पुरतो. मराठीत वस्तू बदलली की शब्द बदलतो. म्हणून शब्दाला शब्द शोधत बसलीस तर अडकशील. वाक्यात काय धरलंय, बांधलंय किंवा राखलंय ते आधी बघ, म्हणजे मराठी शब्द आपोआप तोंडात येईल.

सगळ्यात जास्त वेळा हा शब्द 'घट्ट, सुटणार नाही असं' या अर्थानं भेटतो. दारं, झाकणं, पट्टे, दोर, स्क्रू, असल्या गोष्टी. बघ, तुझ्या दारासमोरून रोज मोटारसायकली केजकडे जातात. किती जणांचं हेल्मेट डोक्यावर असतं आणि किती जणांचं हँडलला लोंबकळतं, ते तुला मी सांगायला नको. आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्यातल्या 129 व्या कलमात हेल्मेटची व्याख्या दिलीय आणि तिच्यात हाच शब्द बसलाय. आधी म्हटलंय की हेल्मेट अशा आकाराचं, अशा साहित्याचं हवं की अपघातात डोकं वाचेल अशी आशा धरता यावी. आणि पुढं म्हटलंय की ते पट्ट्यानं घालणाऱ्याच्या डोक्याला 'सिक्युअरली फास्टन्ड' असावं. म्हणजे पट्टा न लावता नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट कायद्याच्या व्याख्येत बसतच नाही. आता इथं कुणी 'सुरक्षितपणे बांधलेलं' असं भाषांतर केलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, बांधताना बोटाला लागू नये म्हणून सांगतायत! इथं अर्थ एवढाच, की पट्टा असा बसवा की पडलात तरी हेल्मेट डोक्यावरून निघणार नाही.

आणि त्या वाक्यात आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. घट्ट बांधा म्हणून कायदा थांबला नाही, कशानं बांधा तेही सांगितलं, पट्ट्यानं. हा 'कशानं' तुझ्या शिकवणीत पक्का धरून ठेव. 'सिक्युअरली' दिसलं की पोरांना विचारायचं, कशानं गं? कशानं रे? पट्ट्यानं, दोरीनं, कडीनं, स्क्रूनं. उत्तर आलं की अर्थ आलाच म्हणून समज. उत्तर आलं नाही तर काय, ते पुढं सांगते, कारण तिथंच माणसं फसतात.

तोवर स्वयंपाकघरात चल. गॅसचं रेग्युलेटर सिलिंडरवर सिक्युअरली बसलंय का, हे तू रोज बघतेस, फक्त त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते माहीत नव्हतं. टक असा आवाज येतो, मग आपण हलकेच वर ओढून बघतो. उचकटलं नाही म्हणजे बसलं. वास आल्याची शंका आली तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, काडी पेटवून कधीही नाही. आणि ती नारिंगी नळी किती सालची आहे ते आज उठून बघच. तिच्यावर साल छापलेलं असतं आणि नळी पाच वर्षांनी बदलायची असते. आपण बायका शेगडी रोज घासून लख्ख करतो आणि मागची नळी कुरतडलेली का असेना, बघत नाही. गळतीसाठीचा 1906 हा नंबर भिंतीवर लिहून ठेव. हे मी विषय सोडून बोलतेय असं वाटेल, पण पोरांना हा शब्द असाच हाताला लावून द्यायचा असतो. ओढून बघितलं आणि निघालं नाही की 'सिक्युअरली'.

आता तुझा दुसरा प्रश्न, 'टाइटली' आणि 'सिक्युअरली' यांत फरक काय? मराठीत दोन्हीला आपण घट्टच म्हणतो, म्हणून गोंधळ होतो. 'टाइटली'त जोर असतो, किती आवळलं ते. 'सिक्युअरली'त भरवसा असतो, सुटणार नाही याचा. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतेस ना, तेव्हा दोरा इतका ओढलास की फडकं टरकलं, तर ते 'टाइटली' झालं, पण 'सिक्युअरली' झालं नाही. पोराच्या बोटाला चिंधी बांधताना बोट काळंनिळं पडेपर्यंत आवळलीस तर तीही टाइटली. चिंधी निसटू नये आणि बोटात रक्तही खेळतं राहावं, अशी बांधलीस तर सिक्युअरली. तुझ्या शिकवणीतल्या पोरांना याहून चांगलं उदाहरण ठाऊक असेल. ज्यांचे आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याला जातात, त्यांनी उसाच्या मोळ्या बांधताना बघितलंय. वाढ्यानं बांधलेली मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं असतं. मधेच सुटली तर ऊस आणि माणूस दोन्ही खाली. त्या गाठीला काय म्हणायचं ते पोरं तुला मराठीत सांगतील, तू त्याला इंग्रजी शब्द दे. शिकवणं असं उलट्या बाजूनं केलं की पोरांना वाटतं, हे तर आपल्याला येतच होतं.

'फर्मली'चं मी थोडक्यात सांगते. तोही घट्टच, पण त्याला स्वभाव आहे. 'शी फर्मली सेड नो', म्हणजे तिनं ठामपणे नाही म्हटलं. तिथं 'सिक्युअरली' चालत नाही. नकार ठाम असतो, दोरीनं बांधलेला नसतो.

दुसरा अर्थ राखण्याचा. कुणाच्या हाताला लागू नये, कुणी उघडू नये, अशा तऱ्हेनं. इथं 'सुरक्षितपणे' थोडंफार बसतं, पण आपल्याकडे त्याहून ठसठशीत शब्द आहेत. कडीकुलपात, बंदोबस्तात. पेपरात 'कडेकोट बंदोबस्त' वाचतो ना, तो याच जातीचा. तुझ्या घरी कापसावर, सोयाबीनवर फवारायचं औषध असेल. त्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. ते औषध नुसतं 'सेफली' ठेवून भागत नाही, 'सिक्युअरली' ठेवावं लागतं. सेफली म्हणजे सांडणार नाही, पेटणार नाही, अन्नाजवळ नाही. सिक्युअरली म्हणजे पोराच्या हाताला येणार नाही, कुलूप लावून. आणि उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवायची जी सवय घराघरांत आहे ना, ती तुझ्या घरात असेल तर सासऱ्यांना सांग, माझं नाव घालून सांग. वाईटपणा माझ्याकडे येऊ दे.

या 'सेफली'वरून मी भर प्रशिक्षणात हसं करून घेतलंय हं. एसटीनं उशिरा पोहोचले होते, बाईंनी विचारलं, प्रवास नीट झाला ना? मी मोठ्या ऐटीत म्हणाले, "आय रीच्ड सिक्युअरली." बाई म्हणाल्या, "का गं, कंडक्टरनं सीटला बांधून आणलं का?" सगळा वर्ग हसला, मीही हसले, दुसरं करणार काय! पण तेव्हापासून डोक्यात बसलं ते बसलं. माणूस सुखरूप पोहोचतो, तिथं 'सेफली'. सामान गच्च बांधून पाठवतो, तिथं 'सिक्युअरली'. आणि सामान न फुटता पोहोचलं की परत 'सेफली'. हे वाक्य पोरांना उलटसुलट करायला दे. पॅक्ड सिक्युअरली, रीच्ड सेफली. विसरणार नाहीत.

आता तिसरा अर्थ, आणि बघ, माझ्या जिवाला हाच सगळ्यात जवळचा वाटतो. हा शब्द मुळात लॅटिनमधून आला. 'से' म्हणजे वाचून, 'कुरा' म्हणजे काळजी. काळजीवाचून. आपला निश्चिंत शब्द फोडून बघ, निः आणि चिंता. किंवा आपल्या घरातला बिनघोर घे. जिवाला घोर लागतो तो घोर, तो नसलेला. कुठलं रोम आणि कुठली बालाघाटची रांग, पण शब्द जोडायची रीत अगदी एक. इंग्रजीतला 'शुअर', म्हणजे नक्की, तोही त्याच लॅटिन शब्दाचा. तो फ्रेंचमधून फिरून आला म्हणून झिजून एवढासा झाला.

हा 'नक्की'चा अर्थ तुझ्या पोरांच्या पुस्तकातच आहे. पहिल्या पानांवरची संविधानाची उद्देशिका रोज परिपाठाला म्हणतात ना? इंग्रजी उद्देशिकेत नागरिकांना न्याय, स्वातंत्र्य आणि समानता 'सिक्युअर' करण्याची गोष्ट आहे. मराठीत तिथं काय आहे? 'निश्चितपणे प्राप्त करून देण्याचा'. ज्यांनी हे मराठी केलं त्यांना मी मनातून नमस्कार करते. 'सुरक्षित करण्याचा' असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण न्याय कुलपात ठेवायचा नसतो, तो हातात पडायचा असतो आणि हातून निसटायचा नसतो. म्हणून निश्चितपणे. एका इंग्रजी क्रियापदासाठी मराठीला एक क्रियाविशेषण आणि मागं सगळं 'प्राप्त करून देण्याचा' जोडावं लागलं. तुला एका शब्दात भाषांतर जमेना म्हणून रडू आलं, पण बघ, तिथंही एका शब्दात भागलं नाही.

या तिसऱ्या अर्थाची उदाहरणं वर्गात देताना मात्र जरा जपून. 'शी स्लेप्ट सिक्युअरली', ती बिनघोर झोपली, असं वाक्य जुन्या पुस्तकांत सापडतं. तुझ्यासमोर बसलेल्यांत अशी पोरं आहेत की त्यांचे आईबाप हंगामभर दूर आहेत आणि ती आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. त्यांना उभं करून "तू रात्री सिक्युअरली झोपतोस का रे?" असं विचारू नको. उदाहरण मांजराचं घे, वासराचं घे. कुणाला स्वतःहून सांगावंसं वाटलं तर ऐक, आणि मग व्याकरण तिथंच थांबलं तरी चालेल.

आणि गंमत सांगते. शेक्सपिअरच्या काळी हाच 'सिक्युअरली' कधीकधी 'गाफीलपणे' या अर्थानंही वापरायचे. काळजी नाही, काळजी नाही म्हणत माणूस बेसावध झाला की तो सिक्युअर. आज हा अर्थ परीक्षेत कुणी विचारणार नाही, पण मोबाइल हातात धरला की मला तोच आधी आठवतो. कारण आता हा शब्द तुला सगळ्यात जास्त कुठं दिसतो? पैशांच्या पडद्यावर. 'पे सिक्युअरली', 'लॉग इन सिक्युअरली'. बटणावर छोटंसं कुलूप. आणि तू मेसेजच्या शेवटी लिहिलंस ना, की बचत गटाचे व्यवहार आता तूच मोबाइलवर बघतेस आणि प्रत्येक वेळी छातीत धडधडतं. म्हणून इथं जरा बस, घाई करू नको.

इथंही विचारायचं, कशानं? कुलपाचं चित्र दिसतं तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो, की तुझ्या मोबाइलपासून त्या वेबसाइटपर्यंत जे जातं ते सांकेतिक करून जातं, मधल्यामध्ये कुणाला वाचता येत नाही. पलीकडं बसलेला माणूस सज्जन आहे की लुच्चा, हे ते कुलूप सांगत नाही. लुच्चाही तसंच कुलूप लावून बसू शकतो. वाट राखलेली असते, घराची हमी नसते. म्हणून गटातल्या बायकांना एक गोष्ट पाठ करायला लाव. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. "पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हणणारा चोर. ओटीपी विचारणारा बँकेचं नाव सांगो, नाहीतर पोलिसांचं, तोही चोर. आणि झालंच काही, तर रडत बसायचं नाही, लोक काय म्हणतील करायचं नाही, लगेच 1930 ला फोन लावायचा. जितकं लवकर कळवशील तितकी पैसे मधेच अडवले जाण्याची आशा जास्त.

मोबाइलच कशाला, पाट्यांवरही हाच शब्द मराठीत चमकतो. 'आपली ठेव सुरक्षित.' आपल्या बीड जिल्ह्याला हे नव्यानं सांगायला नको. मल्टिस्टेट पतसंस्थांमध्ये लोकांच्या ठेवी अडकल्या, लेकीच्या लग्नाचे, म्हाताऱ्यांच्या दवाखान्याचे पैसे अडकले. पाटी वाचून माणसं आत गेली, पण कशानं सुरक्षित, हे विचारायचं राहून गेलं. बँकेतल्या ठेवीला एका माणसामागं, एका बँकेत, व्याजासकट 5 लाखांपर्यंत विमा असतो. 2020 च्या फेब्रुवारीपासून ही मर्यादा 5 लाखांची आहे, आधी 1 लाखाची होती. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था, मग ती मल्टिस्टेट का असेना, या विम्यात येत नाही. नावात सहकार असतो, काउंटर असतो, पासबुक असतं, म्हणून आपल्याला ती बँकच वाटते. गटाचे पैसे कुठं ठेवायचे यावर बैठकीत कुणी जास्त व्याजाचं बोललं, तर एवढंच विचार, याला ठेव विमा आहे का? मोठ्यानं विचार. नवी सून म्हणून लाजू नको. आवाज थरथरला तरी प्रश्न बरोबरच असतो.

हुश्श. आता वर्गाचं. पाठांतर नको, उद्या ओसरीत तीन वस्तू मांड. झाकणाची बरणी, बकलाचं दप्तर आणि खिडकीची कडी तर तिथं आहेच. एकानं लावायचं, दुसऱ्यानं ओढून बघायचं, तिसऱ्यानं वाक्य म्हणायचं. 'द लिड इज सिक्युअरली क्लोज्ड.' निघालं तर 'नॉट सिक्युअरली'. पोरं दंगा करतील, करू दे. मग फळ्यावर घराणं लिही. 'सिक्युअर' विशेषणही आणि क्रियापदही, 'सिक्युरिटी' नाम, 'सिक्युअरली' क्रियाविशेषण, उलट 'इनसिक्युअरली'. कृतिपत्रिकेत असले शब्द बनवायला येतात. शेवटी 'ली' दिसला की क्रियाविशेषण, असं मात्र सांगून बसू नको, नाहीतर 'फ्रेंडली' आणि 'लव्हली' येऊन तुझी फजिती करतील. ती दोन्ही विशेषणं.

वाक्यातल्या जागेचंही विचारलंयस. आज्ञा असेल तर शब्द शेवटी, 'टाय द रोप सिक्युअरली'. केलेलं असेल तर बहुतेक वेळा क्रियापदाच्या रूपाआधी, 'द गेट वॉज सिक्युअरली लॉक्ड'. दोघांची अदलाबदल झाली म्हणून आभाळ कोसळत नाही, पण 'टाय सिक्युअरली द रोप' असं क्रियापद आणि कर्माच्या मधे घुसवायचं नाही. मराठीत आपण 'दोर घट्ट बांध' म्हणतो, म्हणून पोरं हमखास 'द रोप सिक्युअरली टाय' लिहितात. लाल शाईनं नुसतं खोडू नको, एकदा तोंडी म्हणून घे.

उच्चाराचं टेन्शन तर घेऊच नको. 'क्यु'वर जोर दे आणि 'ली' हलकं सोड, बास. कुणी 'शिक्युरली' म्हणालं तर पुढच्या वेळी म्हणेल बरोबर. स्पेलिंगला मात्र मार्क जातात, तिथं सूट देऊ नको. 'ट्रू'चं 'ट्रूली' होताना शेवटचा ई गळतो, म्हणून हुशार पोरं इथंही तो गाळतात. इथं गाळायचा नाही. एस, ई, सी, यू, आर, ई, मग एल, वाय. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिही आणि त्या दुसऱ्या ई खाली रंगीत खडूनं रेघ ओढ.